दम्याचा पंप त्या यादीत नव्हताच

'सरकारने दमा, टीबी, काचबिंदूची औषधं 50 टक्क्यांनी महाग केली. कंपन्यांचं चांगभलं! सगळ्या किमती गोठवा.' ऑक्टोबर 2024 पासून फिरणारा हा मेसेज परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा येऊन पडला, म्हणून हे लिहितोय.

'दम्याची औषधं महाग': 50 टक्के हा आकडा खरा, पण तो 8 औषधांच्या 11 प्रकारांपुरता. त्यात साल्ब्युटामॉलच्या गोळ्या आहेत, वाफाऱ्याच्या मशीनमध्ये घालायचं द्रावण आहे. खिशात ठेवतात तो पंप नाही.

'कंपन्यांचं चांगभलं': त्याच यादीतलं ॲट्रोपिनचं इंजेक्शन घ्या. ऑर्गनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक अंगात भिनलं की हेच लागतं, आणि एका सुईवर भागत नाही. छातीतली घरघर थांबेपर्यंत अँप्यूलमागून अँप्यूल फोडावी लागते. कपाशीच्या पट्ट्यातल्या डॉक्टरांना हे सांगायला नको. औषध जुनं, पेटंट कुणाचं नाही, किंमत किरकोळ आणि तीही सरकारने बांधलेली. कच्चा माल महागला, डॉलर चढला, तर बनवणारा काय करणार? कारखान्यात दुसरं काहीतरी बनवणार. काही कंपन्यांनी ही परवडत नसलेली औषधं बंद करण्यासाठी औषध मूल्य प्राधिकरणाकडे अर्जच केले होते. अँप्यूल दोन-चार रुपयांनी महागलेली परवडते, रात्री दोन वाजता न मिळालेली नाही. बरं, हे पहिल्यांदाही झालेलं नाही. 2019 आणि 2021 मध्येही अशीच वाढ दिली होती.

'सगळ्या किमती गोठवा': सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या किमती एरवी घाऊक महागाईच्या निर्देशांकाला बांधलेल्याच असतात. एप्रिल 2024 मध्ये मिळालेली वाढ होती 0.00551 टक्के. आणखी काय गोठवायचं?

या अत्यावश्यक यादीबाहेरच्या औषधाची किंमत मात्र सहसा कंपनी ठरवते आणि दर वर्षी 10 टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. प्राधिकरणाने 2018 मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली. बिलात यादीतल्या औषधांचा वाटा 4.10 टक्के, यादीबाहेरच्यांचा 25.67. काही वस्तूंवरचा नफा 1,737 टक्क्यांपर्यंत गेलेला. या आकड्यांचा मेसेज आमच्या ग्रुपवर एकदाही आलेला नाही.