सेवेचे तास आणि कुलूपबंद मैदान

निकाल लागले, स्पर्धांचा मोसम संपला की खासगी शाळांच्या पेजवर एक ठरलेला मजकूर झळकतो. परीक्षेत चमकलेले चेहरे, मग पदकं आणि करंडक, आणि तिसऱ्या रकान्यात ‘आमच्या विद्यार्थ्यांनी यंदा समाजसेवेचे इतके हजार तास पूर्ण केले’. अशा एका शाळेच्या वार्षिक अंकाचं काम मी बरीच वर्षं पाहिलं आहे, त्यामुळे हा मजकूर कसा शिजतो ते मला ठाऊक आहे. पहिल्या रकान्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मुलं राबतात, मार्क मिळवतात, त्यांचे फोटो लागायलाच हवेत. माझं भांडण तिसऱ्या रकान्याशी आहे, आणि थोडंसं दुसऱ्याशीही. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

श्रीमंत घरातल्या मुलांना शाळेनेच सेवेला जुंपायचं, ही कल्पना मुळात फार चांगली होती. कुर्ट हान नावाचा एक जर्मन शिक्षक होता. १९२० साली जर्मनीत सालेमची शाळा उभी करण्यात त्याचा पुढाकार होता. नाझींविरुद्ध उघडपणे बोलला म्हणून १९३३ मध्ये त्याला अटक झाली. सुटल्यावर तो ब्रिटनला आला आणि १९३४ मध्ये स्कॉटलंडमध्ये त्याने गॉर्डनस्टन ही शाळा काढली. शाळा महागडी, मुलं खात्यापित्या घरची. अशा मुलांना सगळं मिळतं, फक्त आपल्यावाचून कोणाचं तरी अडतंय हा अनुभव मिळत नाही, आणि तोच शाळेने द्यायला हवा, अशी त्याची धारणा. म्हणून त्याची मुलं समुद्रकिनाऱ्यावर पहारा द्यायची, बचावकाम शिकायची.

याच विचारातून १९६२ मध्ये वेल्समध्ये समुद्राकाठच्या एका जुन्या किल्ल्यात अटलांटिक कॉलेज सुरू झालं. पहिले मुख्याध्यापक डेस्मंड होर हे नौदलातून निवृत्त झालेले अधिकारी. तिथली मुलं खरोखरची बचावनौका चालवायची. हवा भरलेल्या रबरी बोटी त्या खडकाळ किनाऱ्यावर टिकेनात, तळ घासून फाटायचा. मग होर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं खटपट करून रबरी बोटीला खाली टणक तळ बसवला. आज जगभरच्या तटरक्षक दलांकडे आणि नौदलांकडे ज्या अशा बोटी दिसतात, त्यांचा उगम या शाळेच्या कार्यशाळेत आहे. होर यांनी पेटंट ब्रिटनच्या बचावनौका संस्थेला अवघ्या १ पौंडात देऊन टाकलं.

आता यातली गंमत बघा. बुडणाऱ्या माणसाला तुमच्या तासांशी काही देणंघेणं नसतं. बोट वेळेत आली की नाही, एवढाच त्याचा प्रश्न. म्हणजे काम नीट झालं का, हे ठरवणारा माणूस समोरचा होता. शाळा नव्हती, पालक नव्हते, प्रवेश देणारं विद्यापीठ तर नव्हतंच.

पुढे ही कल्पना पसरली आणि पसरता पसरता तिचा फॉर्म झाला. गॉर्डनस्टनचाच विद्यार्थी असलेल्या प्रिन्स फिलिप यांच्या नावाने १९५६ मध्ये ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कार सुरू झाला, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्यांचा. १९६८ मध्ये सुरू झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय शालान्त अभ्यासक्रमाने कला, व्यायाम आणि सेवा या तिन्हींची सक्ती केली आणि बरीच वर्षं त्यासाठी १५० तासांचा आकडा ठेवला. कॅनडातल्या ऑंटारियो प्रांतात शालान्त डिप्लोमा हवा तर ४० तास भरावे लागतात, अमेरिकेतल्या मेरिलँडमधल्या सरकारी शाळांत ७५. बॅकलॉरिएटवाल्यांना आकड्यातली खोट पुढे कळली; त्यांनी तासांची अट काढली आणि साधारण दीड वर्ष सातत्याने काम आणि त्यावर स्वतःचं मनन, असं ठेवलं. हेतू चांगलाच. पण ज्याने तास भरायची कला साधली त्याला मनन लिहायला कितीसा वेळ लागतो? ‘या अनुभवाने मला कृतज्ञता शिकवली’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की आता कृतज्ञता हा शब्द दिसला तरी पान उलटावंसं वाटतं.

तासांच्या वह्याही माझ्याकडे यायच्या, अंकासाठी बेरीज करायला. एक वही अजून डोळ्यांसमोर आहे. तारखा जवळजवळ सहा महिन्यांच्या, समोर संस्थेच्या पर्यवेक्षकाची सही. सगळ्या सह्या एकाच निळ्या पेनाच्या, एकाच तिरक्या घाईत ठोकलेल्या. आणि शेवटच्या पानावर पेनाने दम तोडलेला, त्यामुळे सही अर्धी निळी आणि अर्धी नुसती कागदावर उमटलेली. बेरीज मात्र चोख. त्या मुलाला सेवेचं प्रशस्तिपत्रक मिळालं. मला त्या मुलाचा राग नाही आला. शाळेने त्याच्याकडे जे मागितलं ते त्याने आणून दिलं.

त्याच सुमारास दुसरी एक मुलगी वृद्धाश्रमात जायची. नजर अधू झालेल्या एका आजोबांना पेपर वाचून दाखवायचं, एवढंच काम. तिला वाटलं होतं बातम्या वाचायच्या. आजोबांना बातम्यांत रस नव्हता. त्यांना हवा होता बुद्धिबळाचा कोपरा. ती चाली वाचायची, आजोबांच्या डोक्यात पट मांडलेला. ती घाईने वाचून एखादी चाल गाळायची आणि ते लगेच म्हणायचे, “थांब, हा घोडा इथे आलाच कसा?” तिला बुद्धिबळ येत नव्हतं, त्यामुळे तिला चूक सापडायची नाही, मग पुन्हा पहिल्या चालीपासून. पहिल्या सहामाहीतच तिचे तास भरले. तरी ती जात राहिली, कारण आजोबा डाव अर्ध्यात सोडून द्यायचे आणि “पुढचं पुढच्या वेळी” म्हणायचे. अंकासाठी तिच्याकडे फोटो मागितला तर म्हणाली, “आजोबांना विचारलं, त्यांना नकोय.” मॅनेजमेंटचा नियम होता, फोटो नाही तर मजकूर नाही. त्या पानावर पाणपोईच्या उद्घाटनाचा फोटो गेला. फोटोत एक नळ, नऊ माणसं आणि एक फीत.

या दोन मुलांमध्ये फरक करता येईल असा एकही रकाना शाळेकडे नव्हता. करायचाच असता तर अवघड होतं का? वृद्धाश्रमात एक फोन करायचा आणि विचारायचं, आमच्यापैकी कोण यायचं थांबलं तर तुम्हाला चुकल्यासारखं वाटेल? नाव आलं तर आलं, नाही आलं तर तेही उत्तरच. पण हा फोन कोणी करत नाही, कारण त्याचं उत्तर हजारांत येणार नाही. दोन-तीन नावं येतील, आणि दोन-तीन नावांची जाहिरात होत नाही.

तरीही सक्ती नकोच, असं मी म्हणणार नाही. ती मुलगीही पहिल्यांदा वहीसाठीच गेली होती. सक्तीने दार उघडतं, हे मान्य. पुढे आत कोण थांबलं हे बघायची तसदी शाळा घेत नाही, तक्रार तेवढीच आहे.

आता दुसरा रकाना. खेळ.

खासगी शाळेच्या पदकांचा तक्ता वाचताना मी दोन गोष्टी शोधते. ही मुलं शाळेने घडवली की घडलेली आणली? आणि पदक न मिळालेली मुलं अजून खेळतात का? तयार खेळाडूला फी माफ करून आणायचं आणि वर्षभरात त्याच्या पदकावर आपलं बोधचिन्ह लावायचं, हा उद्योग सगळीकडे चालतो. त्या खेळाडूचं भलं होत असेल तर होऊ दे. पण त्याला ‘आमच्या शाळेची क्रीडासंस्कृती’ म्हणू नये.

निवडीतही मोठी मेख आहे. १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या आइस हॉकी खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. तिथे वयोगटाची कटऑफ तारीख १ जानेवारी. वरच्या पातळीवरच्या संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुलं भरपूर, आणि वर्षाच्या शेवटी जन्मलेली तुरळक. कारण सरळ आहे. दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीत, ताकदीत दिसेल एवढा फरक. कोचला तो गुण वाटतो, तो त्या मुलाला टीममध्ये घेतो, जास्त खेळवतो, आणि जास्त खेळल्यामुळे तो खरंच चांगला होतो. डिसेंबरचा पोरगा बाकावर बसतो, मग पाण्याच्या बाटल्या भरतो, मग एक दिवस येतच नाही. तो वाईट खेळत होता म्हणून गेला नाही, उशिरा जन्मला म्हणून गेला. नंतर इतर खेळांतही हेच पुन्हा पुन्हा दिसलं. तरी आजही कितीतरी शाळांत आठव्या-नवव्या वर्षी ‘ए टीम’ ठरते आणि ती पुढे फारशी हलत नाही.

जी मुलं टीममध्ये राहतात त्यांचंही सुख नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट लिहिलं की एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावं, आठवड्यात एक-दोन दिवस आणि वर्षात एकूण तीनेक महिने त्या खेळापासून सुट्टी असावी. हे पीटीच्या सरांना माहीत नसतं असं नाही. त्यांना विचारा, ते वैतागून सांगतील की सुट्टी दिली तर पालक दुसरा कोच बघतात आणि मॅनेजमेंट पुढच्या वर्षीचा तक्ता बघते.

तक्ता कुठवर नेतो ते अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये उघड झालं. ‘व्हार्सिटी ब्लूज’ नावाने गाजलेलं ते प्रकरण. रिक सिंगर नावाचा प्रवेश सल्लागार श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन त्यांच्या मुलांना नामांकित विद्यापीठांत खेळाडू म्हणून घुसवायचा. काही मुलं तो खेळ कधी खेळलीच नव्हती. रोइंग मशीनवर बसवून फोटो काढले, कुठे खऱ्या खेळाडूच्या धडावर मुलाचं डोकं चिकटवलं. पैसे फिरवायला सिंगरने एक धर्मादाय संस्थाच काढली होती, म्हणजे लाच ही देणगी म्हणून दाखवता यायची. खेळ, सेवा आणि यश, तिन्ही रकाने एकाच बिलात! जानेवारी २०२३ मध्ये त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. गुन्हेगार म्हणून त्याला बाजूला काढणं सोपं आहे. पण त्याने विकलं काय, तर मुलाच्या नावापुढे लिहायची एक ओळ. ती ओळ इतकी महाग कोणी केली, याचा विचार तुरुंगाबाहेरच्यांनी करायचा आहे.

शाळा मुलांना सेवेला बाहेर पाठवते तेव्हा स्वतः काय करते, हेही कधी तरी विचारा. मी जिथे काम केलं तिथे सहा लेनचा ट्रॅक होता, प्रकाशझोत होते, गवत कापायला वेगळा माणूस होता. शनिवारी दुपारी फाटकाला कुलूप लागायचं ते सोमवारी निघायचं. कुंपणाच्या पलीकडच्या गल्लीत पोरं दोन दगड ठेवून फुटबॉल खेळायची. बॉल आत पडला की पहारेकऱ्याच्या विनवण्या. आणि आमची मुलं ‘वंचित मुलांसाठी क्रीडासाहित्य संकलन’ करायला बसमध्ये बसून तासभर लांब जायची. वहीत जाण्यायेण्याचा वेळही धरलेला असायचा.

इंग्लंडमध्ये हा वाद थेट कायद्यात गेला आहे. तिथल्या बऱ्याच खासगी शाळा धर्मादाय म्हणून नोंदलेल्या. त्या बदल्यात लोकांचं काय भलं करता, असा प्रश्न आला. २०११ मध्ये न्यायाधिकरणाने सांगितलं की ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी नाममात्र नव्हे, त्याहून अधिक काही करावं लागेल. काय आणि किती ते विश्वस्तांनी ठरवावं. शिष्यवृत्त्या, शेजारच्या सरकारी शाळांसाठी शिक्षक, खुले जलतरण तलाव आणि मैदानं, अशी कामांची यादी शाळा पुढे करतात. ते पुरेसं आहे की नाही यावर अजून हमरीतुमरी चालू आहे, आणि जानेवारी २०२५ पासून सरकारने फीवर २० टक्के व्हॅटही लावला. तिथल्या वादात मला शिरायचं नाही. पण प्रश्न शाळेला विचारला गेला, मुलांना नाही, हे मला आवडलं.

मैदान उघडा म्हटलं की उत्तरं तयार असतात. कोणी पडलं-झडलं तर जबाबदार कोण? विमा? स्वच्छतागृहं कोण साफ करणार? आमच्या मुलांची सुरक्षितता? सगळे प्रश्न रास्त आहेत. पण हेच मैदान कंपन्यांच्या स्पर्धांना भाड्याने देताना विमाही निघतो, पहारेकरीही मिळतो आणि स्वच्छतागृहंही साफ होतात.

माझी भाची आता अशाच एका शाळेत आहे. तिथल्या पालकसभेत तिच्या आईने काय मांडावं, हे मी तिला लिहून दिलंय: आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मैदान आसपासच्या मुलांसाठी खुलं, निवड नाही, ए टीम-बी टीम नाही, आणि शिकवायला शाळेच्याच संघातली मोठी मुलं. त्या मोठ्या मुलांना वहीत तास हवे असतील तर खुशाल द्या. सही मात्र कुंपणापलीकडच्या पोरांची घ्या.