पोटखराबा आणि छायांकित भाग

दहावीच्या पोराला भूमिती शिकवायला बसताय ना? मग पहिला नियम: छायांकित भागाचं क्षेत्रफळ विचारलं की आकृतीकडे बघू द्यायचं नाही. बघितलं की पोर विचार करतं, आणि वेळ तिथेच जातो. आधी 'पाय आर वर्ग' लिहून घ्या. मग जी रेष सापडेल ती त्रिज्या. व्यास असला तरी तोच घाला. उत्तर चौपट येतं. कपाशीचा भाव पडलेल्या वर्षी कुठे तरी चौपट मिळतंय, तर सोडता कशाला?

शेळ्यांचं गणित तर सोन्याची खाण. 14 मीटर बाजूचा चौरस तुकडा, चार कोपऱ्यांना चार शेळ्या, प्रत्येकीचा दोर 7 मीटर. न चरलेला भाग किती? चार वेळा वर्तुळपाकळीचं सूत्र लिहायला लावा, अर्धं पान भरतं. एखादी पोरगी म्हणेल, "चार पाव मिळून एक वर्तुळच झालं की! 196 वजा 154, उरले 42." तिला विचारा, पायऱ्या कुठेत?

पायच्या किमतीचं टेन्शन घेऊ नका. प्रश्नात 3.14 दिलं असलं तरी 22/7 ठोका, 42.14 च्या जागी 42 आलं तर दशांशाचा त्रास वाचला. कोणी हटकलं तर चाळीसगावजवळच्या पाटणादेवीकडे बोट दाखवा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवानं मठ काढल्याचा शिलालेख तिथलाच. त्यांच्या 1150 सालच्या 'लीलावती'त 22/7 आहेच. त्याला ते 'स्थूल' म्हणतात आणि 'सूक्ष्म' म्हणून 3927/1250 देतात, एवढं गाळलं की झालं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओट्यावरच्या अप्पांना लांब ठेवा. अप्पा सातवी नापास, पण सातबारा चष्म्याशिवाय वाचतात. गट 1 हेक्टर 20 आर, नाल्याचा पोटखराबा 8 आर, लागवडीला उरलं 1 हेक्टर 12 आर. हे ऐकून पोराला वाटायचं, छायांकित भाग म्हणजे एवढंच!

आमच्याकडे तसंच झालं. निंबाखाली खाटेवर वही पडली होती. 7 सेंटिमीटरचा चौरस, समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन पाव वर्तुळं, मध्ये पानासारखा आकार काळा केलेला. पोर वर्तुळखंड शोधत रडकुंडीला आलेलं. अप्पांनी विचारलं, "एका भावाकडे किती?"

"साडेअडतीस."

"दुसऱ्याकडे?"

"तेवढंच."

"म्हणजे 77. आणि गट?"

"49."

"मंग 28 दोघांच्या उताऱ्यावर चढलेत, भो. तेवढंच भांडणाचं."

पोरानं ते तसंच्या तसं चाचणीत लिहिलं: भांडणाचं क्षेत्र = 28 चौसेमी. सरांनी अर्धा गुण कापला आणि कारण म्हणून 'भांडणाचं'खाली लाल रेघ मारली. एककाखाली मारली नाही, ते बरोबर होतं.