वहिनींचं ऑपरेशन

मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी, चार मजले, दोन विंग, आणि मांजरं किती हे कुणाला विचारताय त्यावर. सेक्रेटरी म्हणतात चाळीस. वॉचमन सावंत म्हणतात असतील सात-आठ. बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणतात मांजर एकच आहे, आमची ठकी, बाकीची नुसती येतात.

मोजायला कुणी तयार नव्हतं, बोलायला सगळे तयार. ग्रुपवर रोज सकाळी गुड मॉर्निंगची फुलं झाली की लगेच स्कूटरच्या सीटवरचे ओरखडे, पायपुसण्यावरची घाण, रात्री दोन वाजता गच्चीत भांडणारे बोके, त्याचं रेकॉर्डिंग. मग उपाय. एक काका म्हणाले पोत्यात घालून ऐरोलीच्या खाडीपलीकडे सोडून या. दुसरे म्हणाले त्यापेक्षा मासळी बाजारात सोडा, त्यांचंही पोट भरेल, आपल्यालाही पुण्य. मी फक्त एवढंच लिहिलं की अहो असं उचलून कुठेतरी टाकून येणं 1960 च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यात गुन्हा ठरू शकतं, आणि फायदाही काही नाही, कारण जागा रिकामी झाली की शेजारच्या सोसायटीतली मांजरं येऊन बसतात, आपला कचरा आणि आपल्या काकू तर तिथेच असतात ना, त्यापेक्षा नसबंदी करून परत इथेच सोडायची. बस, एवढंच. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची यावर उंदरांची सभा म्हणे अजून चालू आहे, आमच्या सभेने पाच मिनिटांत ठरवलं की मॅडम बांधतील. खाली अंगठेच अंगठे.

एका काकांनी तेवढ्यात तो कायदा उघडून कळवलं की पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे, म्हणजे ऐरोलीच्या रिक्षापेक्षा स्वस्त. दुर्दैवाने हे खरं आहे. आमच्याकडे पार्किंगमध्ये आडवी गाडी लावली तर सोसायटी यापेक्षा जास्त घेते. मग काहींनी विष घालायचं सुचवलं, तेव्हा मी भारतीय न्याय संहितेचं कलम 325 टाकलं, जनावराला मारलं, विष घातलं, लुळंपांगळं केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद, तेव्हा कुठे ग्रुप फुलांवर परत आला.

पहिलं काम खानेसुमारी. मोबाइल घेऊन सकाळ-संध्याकाळ प्रत्येक मांजराचे फोटो काढत फिरायचं, डाव्या बाजूने, उजव्या बाजूने, शेपूट सरळ की वाकडी. तेव्हा कळलं की चाळीस हा आकडा आला कुठून. ए विंगची चिमी, बी विंगची ठकी, पंपरूमजवळची राणी आणि सावंतांची वहिनी ही सगळी एकच मांजर. पांढरी, काळी, भगवी अशी तिरंगी. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, ते रंग ज्या गुणसूत्रावर ठरतात त्याचा हिशोब तसा आहे, आणि भगव्यांमध्ये बोके जास्त. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या बा ज्या भगव्या बलदंड जनावराला लक्ष्मी म्हणून दूध घालत होत्या तो बोका निघाला. सावंत त्याला इनामदार म्हणतात, कारण तो कुठल्याही गाडीच्या टपावर वंशपरंपरेने मिळाल्यासारखा बसतो. बांना सांगितलं तर म्हणाल्या, मने खबर छे, पण नाव सवयीचं झालंय. (मोठ्या मांजरांना दूध बऱ्याचदा पचत नाही, जुलाब होतात, हेही सांगितलं. पायपुसण्यांचा अर्धा प्रश्न तिथेच होता.)

वहिनी हे नाव मात्र सर्वांना पटलं. ती जिन्यावरून उतरायला लागली की बाकीची मांजरं बाजूला होतात, माणसंही.

चाळीसची अशी अकरा झाली. सेक्रेटरींना ते आवडलं नाही, उरलेली एकोणतीस मी लपवल्यासारखं बघत होते. मी म्हटलं अकरा काही कमी नाहीत, वहिनींचं गाभणपण नऊ आठवड्यांचं, पिल्लं अंगावर पीत असतानाच परत माजावर येऊ शकतात, आणि त्यांची लेक पाच-सहा महिन्यांची झाली की ती स्वतः लाईनीत. एकाच वेताच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, हे मी सांगणार नव्हते पण तोंडातून गेलं आणि मग बराच वेळ कुणी काही बोललंच नाही. एका जोडीपासून सात वर्षांत चार लाख मांजरं असा एक फॉरवर्ड फिरतो, तो मात्र मी कुणाला पाठवला नाही. तसं होत नाही. उघड्यावर जन्मलेली निम्म्याहून जास्त पिल्लं सहा महिनेसुद्धा बघत नाहीत, सर्दी, गाडी, कुत्री. आमच्याकडे ती मीटररूमच्या मागे सापडायची आणि झाडूवाल्या मावशी सकाळी कुणी उठायच्या आत कागदात गुंडाळून न्यायच्या. चाळीसचा आकडा ग्रुपवर टाकणाऱ्यांपैकी कुणाला ते माहीतच नव्हतं.

घरी विरोधी पक्ष म्हणजे आमच्या सासूबाई. मांजराला आपल्या हातून काही झालं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे त्यांचं म्हणणं. ऑपरेशन डॉक्टर करणार आहेत असं सांगितलं तर म्हणाल्या, "धरून कोण नेणार? तूच ना? मग तुझ्याच नावावर." आणि सोनं तोळ्याला लाखावर गेलेलं. केवढं मांजर करायचं हे शास्त्रात दिलेलं नाही, मुलाने सुचवलं की आपण एक ग्रॅमचं पिल्लू करू. आईंनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

मुंबईत महापालिकेने 2019 पासून मांजरांची नसबंदीही सुरू केली. त्याआधी सरकारी व्यवस्था सगळी कुत्र्यांची, केंद्राच्या 2001 च्या नियमांच्या नावातच कंसात कुत्रे होते, 2023 मध्ये नवीन नियम आले. या नव्या नियमांत सोसायटीने आवारातल्या जनावरांना खायला घालायची जागा आणि वेळ ठरवून द्यायची असंही आहे. हे वाचून दाखवल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे आता मेस चालवायची का?" मी एका संस्थेला गाठलं, त्यांनी तारीख दिली, डिपॉझिट घेतलं आणि पिंजरा दिला. लोखंडी जाळीचा, लांबट, आत शेवटाला खाणं ठेवायचं, मधे एक पत्रा, त्यावर पाय पडला की मागचं दार धाडकन खाली. सूचना दोनच. आदल्या रात्रीपासून मांजर उपाशी पाहिजे, आणि आत वास येईल असं काहीतरी ठेवा.

कोळीण मावशींकडे तारल्या मागितल्या तर त्या माझ्याकडे बघायलाच लागल्या, मी एरवी पापलेटवर अडून बसणारी. "कोनासाठी?" म्हटलं मांजरांसाठी, पकडून ऑपरेशन करायचंय, पिल्लं बंद. मावशींनी कोयता खाली ठेवला. "मांजरीला पन नेतात? मला चार झाल्यावर नेला." आणि दोन बांगड्यांची डोकी फुकट टाकली.

उपाशी ठेवायची नोटीस लावली: आज रात्री कृपया कोणीही मांजरांना खाऊ घालू नये. सोसायटीच्या इतिहासात एवढी प्रामाणिक माहिती कुठल्या नोटिशीने बाहेर काढली नसेल. जे आजवर "आम्ही तर त्यांना उभंही करत नाही" म्हणत होते त्यांचे एकेक मेसेज यायला लागले. नऊच्या आधी दिलं तर चालेल का? फक्त पोळीचा तुकडा दिला तर? माझी औषधाची गोळी घेताना मी तिला बिस्कीट देतो, ती वाट बघेल हो. हे शेवटचे ऐरोलीवाले काका.

पिंजरा पार्किंगमध्ये लावला आणि आमच्या अर्ध्या शाकाहारी विंगमध्ये तारल्यांचा वास पोचला. लिफ्ट नाही, त्यामुळे वास जिन्याने चढला, मजल्यामजल्यावर थांबत. खिडक्या बंद झाल्याचे आवाज येत होते, आणि त्यातच तो धाडकन. इनामदार! गेले, खाल्लं, अडकले, आणि अडकल्यावरही आधी मासा संपवला मग आरडाओरडा. पिंजऱ्यावर जुनी चादर टाकली की मांजर गप्प होतं, ही एक गोष्ट मला सगळ्यांनी सांगितली होती आणि तीच खरी निघाली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, रेबीजची लस, कानाचं टोक सरळ कापलेलं, म्हणजे लांबून कळावं याचं झालंय, परत धरायला नको. त्यानंतरच्या दिवशी साहेब पार्किंगमध्ये.

इथे एक गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात ठळक लिहिलेली नसते. कापलेला कान बघून आपल्याला कळतं की हा झालाय. इनामदारांना मात्र एवढंच कळलं होतं की त्या खोक्यात मासा असतो. पुढच्या वेळी पिंजरा लावला, धाडकन, इनामदार. सोडले. परत लावला, चपला घालून खाली पोचेपर्यंत धाडकन, इनामदार, चेहऱ्यावर "आज तारली नाही का" असा भाव. शेवटी सावंतांनी त्यांना केबिनमध्ये वेगळं ताट लावायला सुरुवात केली, तेव्हा पिंजरा इतरांना मोकळा झाला आणि काळी, दोन पट्टेवाल्या, एक वाकडशेपट्या अशी मंडळी येत गेली.

वहिनी आल्या नाहीत. एक तर त्यांची पिल्लं अंगावर होती. जिन्याखालच्या खोलीत गणपतीचं मखर ठेवलेलं, त्यात बाळंतपण झालं होतं, म्हणजे प्रभावळीच्या बरोबर मध्ये. तिथून मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात तसं मीटररूम, जुना वॉशिंग मशीन, बांची गॅलरी असा दौरा. पिल्लं स्वतः खायला लागेपर्यंत आईला न्यायचं नाही, नाहीतर ती उपाशी मरतात, आणि उशीर केला तर बाईसाहेब परत गाभण. या दोन्हीच्या मधली फट फार लहान असते. पिल्लं खायला लागली, त्यातली दोन तर सावंतांच्या ओळखीने घरंही मिळवून गेली, आणि मी तारल्या घेऊन बसले.

वहिनी पिंजऱ्याच्या आत जायच्या, त्या पत्र्याशी थांबायच्या, खाली वाकून त्याचा वास घ्यायच्या, मग मागचे पाय ताणून त्याच्यावरून नुसती मान पुढे काढायच्या आणि मासा ओढून उलट्या पावली बाहेर. पत्रा हलायचासुद्धा नाही. एकदा तर बाहेरच्या बाजूने जाळीतून पंजा घालून बांगडा तुकडा-तुकडा करून नेला. मी दोन फुटांवर उभी होते. तिने माझ्याकडे बघितलंही.

मग संस्थेने दुसरा पिंजरा दिला, मोठा चौकोनी, एका बाजूने काठीवर टेकवायचा, काठीला दोरी, आणि दोरी धरून आपण लांब बसायचं. मांजर पूर्ण खाली आलं की ओढायचं. म्हणजे मी, बँकेत ऑफिसर, रात्री साडेअकराला पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, हातात दोरी, पायाला ओडोमॉस. येणारा प्रत्येक माणूस थांबणार. "मॅडम, बरं आहे ना सगळं?" "दोरी कशाला?" एक जण लग्नावरून सहकुटुंब आले, त्यांना हे इतकं आवडलं की पोरांसकट शेजारीच बसले. ऐरोलीवाले काका खाली येऊन कुजबुजत म्हणाले, बिस्किटाचा आवाज केला तर ती येते. आणि त्यांनी खिशातल्या पुड्याचा कागद चुरगळला. वहिनी कुठूनशा आल्या, शेपटी वर, सरळ काकांकडे. काकांनी बिस्कीट पिंजऱ्याखाली टाकलं. मी ओढलं.

काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना वाटत होतं त्यांनी तिला फसवलं.

मादीला टाके असतात, बोक्यासारखं दुसऱ्या दिवशी सोडून चालत नाही, आणि संस्थेत जागा नव्हती. त्यामुळे वहिनी आमच्या बाथरूममध्ये, एका कुशीचे केस भादरलेले, कानाचं टोक गेलेलं, आणि त्या अवस्थेतही बादलीवर उभ्या राहून फिस्कारत. अंघोळीला घरातले पाचही जण समोरच्या शेजाऱ्यांकडे. आईंचा मुद्दा कायम होता, पण दर दोन तासांनी त्या दार किलकिलं करून श्वास चालू आहे का बघून यायच्या. काळजी म्हणून नाही, सोन्याचा भाव वाढत होता म्हणून, असं त्या म्हणाल्या.

सोडल्यावर ग्रुपवर नवीन तक्रार: मांजराचा कान कुणी कापला? फोटोसकट. ज्यांनी विष घालायचं सुचवलं होतं ते सगळ्यात आधी हळहळले. मी समजावून सांगेपर्यंत सेक्रेटरींचा मेसेज, इनामदार अजूनही माझ्या स्कूटरवर फवारा मारतात, मग ऑपरेशनचा उपयोग काय, पैसे परत मागा. त्यांना सांगावं लागलं की अंगातले हार्मोन ओसरायला काही आठवडे जातात, तोवर सवयीने चालतं. म्हणाले, गॅरंटी कार्ड आहे का. काही आठवड्यांनी वास गेला, गच्चीतली भांडणं बरीच थांबली, आणि अर्थातच याबद्दल ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही.

वार्षिक सभेत खर्च मांडला. संस्थेच्या पावत्या, रिक्षा, चादर, हे सगळं मंजूर. तारल्या आणि बांगड्यांवर खजिनदार अडले, बिल कुठाय. मी म्हटलं टोपलीवाल्या मावशी बिल देत नाहीत, आणि अर्ध्या वेळी पैसेही घेतले नाहीत. शाकाहारी सभासदांनी हरकत घेतली की सोसायटीच्या पैशातून मासे कसे घेतले. तासभर चर्चा झाल्यावर ठरलं की रक्कम 'पेस्ट कंट्रोल' या हेडखाली टाकायची. ऑडिटरने तिथे पेन्सिलने विचारलंय की पेस्ट कंट्रोलला बांगडा कशाला लागतो, आणि सेक्रेटरींनी उत्तर द्यायला तो कागद माझ्याकडे पाठवलाय.