मायर म्हणजे ज्यू? एका प्रतिक्रियेला (जरा लांबलेलं) उत्तर

मागच्या पोस्टवर एका वाचकांनी चांगलंच झापलंय मला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मायर हे जर्मन आडनाव शेतीतल्या हुद्द्यावरून आलं हे मी ठोकून दिलंय, ते खरं तर ज्यू नाव आहे, इस्रायलच्या माजी पंतप्रधान गोल्डा मेयर आठवा, सगळ्या मायर लोकांचं एकच कुलचिन्ह नेटवर मिळतं ते मी बघितलेलं नाही, आणि मायरला मी 'पाटील' म्हटलं हा तर कहर आहे, "आठ वर्षं श्टुटगार्टात राहतोय, मला शिकवू नका".

शिकवत नाही हो. उलट पाटलाचं तुमचं बरोबर आहे, ते मी घाईत लिहिलं आणि चुकलं. पाटील गावचा, वतनदार, सरकारात गावाचा सारा भरायला जबाबदार. मायर मुळात मालकाचा माणूस. मध्ययुगात मठ, बिशप, सरदार यांच्या जमिनी लांबलांब पसरलेल्या असायच्या, मालक काही प्रत्येक ठिकाणी जाऊन बसत नव्हता, मग तिथल्या मुख्य वाड्यावर एक माणूस नेमायचा, तो कुळांकडून धान्य, कोंबड्या, वेठ सगळं वसूल करणार आणि मालकाची स्वतःची शेतीही कसून घेणार. लॅटिनमध्ये त्याला मायोर म्हणत, म्हणजे 'मोठा', त्याचंच जर्मन तोंडात मायर झालं. (इंग्रजीतला मेयर, आपला महापौर, तोही याच लॅटिन शब्दाचा नातू.) तेव्हा पाटील नाही, कारभारी म्हणा. कोकणातला असाल तर खोत म्हटलेलं जास्त पटेल, कारण पुढे मायरचंही तसंच होत गेलं, नेमलेला माणूस तिथेच मुरला, बापानंतर पोरगा बसायला लागला. बाराव्या-तेराव्या शतकात मालकांनी स्वतः शेती करवून घेणं सोडत आणलं आणि जमिनी ठरीव खंडाने द्यायला सुरुवात केली, तेव्हा मायर म्हणजे मोठं कूळ असा अर्थ झाला. उत्तरेत, आजच्या लोअर सॅक्सनीकडे, तर खंडाने जमीन कसणारा तो मायर इतकं ते साधं झालं.

आता यातच तुमच्या कुलचिन्हाचं उत्तर आहे. असा वाडा ठिकठिकाणी होता, म्हणजे मायरही ठिकठिकाणी, एकमेकांशी काडीचं नातं नसलेले. एकाच भागात दोन-तीन झाले की ओळखायचं कसं, म्हणून वरचा तो ओबरमायर, खालचा नीडरमायर, ओढ्याकाठचा बाखमायर, नवा तो नॉयमायर. आणि वायव्येकडच्या वेस्टफालियात तर अजून गंमत, तिथे नाव माणसाचं नाही, शेताचं! एखादा गडी घरजावई होऊन शेतावर आला की त्याला त्या शेताचं नाव लागायचं, बापाचं गेलं. मग कुठलं एक कूळ आणि कुठलं एक चिन्ह? जर्मनीत ढालीवरचं चिन्ह ठरावीक घराण्याचं असतं, आडनावाचं नसतं. नेटवर जे मगवर छापून विकतात ते कुठल्या तरी एका मायर घराण्याचं असेल, नाहीतर विकणाऱ्याचंच.

आणि आता मुख्य मुद्दा, ज्यू. हे नाव ज्यू लोकांत आहे का? आहेच, भरपूर आहे. पण ते दुसऱ्याच वाटेने आलंय. हिब्रूत मेईर हे पुरुषाचं नाव आहे, अर्थ 'प्रकाश देणारा', दुसऱ्या शतकातले रब्बी (म्हणजे ज्यू धर्मगुरू) मेईर प्रसिद्धच आहेत. जर्मन मुलखातल्या बहुतेक ज्यूंना अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत कायमचं आडनावच नव्हतं, अमक्याचा मुलगा तमका एवढंच. मग ऑस्ट्रियात 1787 मध्ये आणि प्रशियात 1812 मध्ये आडनाव घ्या असा हुकूम निघाला, आणि बऱ्याच जणांनी बापाचं किंवा आजोबांचं मेईर तेच पुढे केलं, शेजारपाजारी मायर होतेच, स्पेलिंग त्यांच्यासारखं. संगीतकार मायरबेअर घ्या, जन्मनाव याकोब लीबमान बेअर, आईच्या वडिलांच्या नावातलं मायर त्याने पुढे जोडलं. आणि तुमच्या गोल्डाबाई तर जन्माने माबोविच, लग्नानंतर मायरसन, 1956 मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्यावर तेव्हाचे पंतप्रधान बेन गुरियन यांच्या आग्रहाने हिब्रू वळणाचं मेईर केलं. त्यांच्यावरून बव्हेरियातल्या शेतकऱ्याची जात कशी काढणार तुम्ही?

दोन वेगळे झरे, एकाच नळाला पाणी. आडनाव बघून कुठलं कुठलं ते सांगता येत नाही. हे माझं मत नाही हो, नाझींना पण सांगता येत नव्हतं! ऑगस्ट 1938 मध्ये त्यांनी हुकूम काढला की ज्यू पुरुषांनी नावात इझ्राएल आणि बायकांनी सारा जोडायचं, ज्यांचं पहिलं नाव आधीच त्यांच्या ठरावीक ज्यू यादीत असेल त्यांना सोडून. 1 जानेवारी 1939 पासून लागू. मायर, म्युलर ऐकून माणूस ओळखता आला असता तर ही उठाठेव कशाला केली असती? म्हणून 'मायर म्हणजे ज्यू' हे वाक्य कोणी बेफिकिरीने टाकलं की मला जरा टोचतं, तुम्ही वाईट हेतूने लिहिलं नाहीत हे कळतंय तरी.

स्पेलिंगवरून जात नाही कळत, पण प्रदेशाचा अंदाज येतो, आणि हे मात्र मला भारी आवडतं. उच्चार सगळ्यांचा मायरच. ई-वाय (Meyer) लिहिलं की बहुधा उत्तरेकडचा, ए-आय (Maier) तुमच्या श्टुटगार्टकडे, आणि ए-वाय लिहून पुढे नुसता आर, मधला ई गायब (Mayr), असं दिसलं की बव्हेरिया नाहीतर ऑस्ट्रिया. मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणारा लोथार मायर उत्तरेतल्या फारेलचा, त्याचं ई-वाय. उत्क्रांतीवाला अर्न्स्ट मायर 1904 मध्ये केम्प्टनला जन्मला, म्हणजे बव्हेरिया, त्याचं ई नसलेलं. नियम मात्र समजू नका, ऊर्जेच्या अक्षय्यतेवर लिहिणारा रॉबर्ट मायर श्टुटगार्टजवळच्या हाइलब्रॉनचा आणि त्याचं ए-वाय (Mayer). चर्चच्या वहीत नावं लिहिणारा पाद्री कुठे शिकला, त्याच्या हाताला काय वळण होतं यावरही असायचं, 1876 पासून सगळ्या जर्मनीत सरकारी नोंदणी सुरू झाली तेव्हा कुठे स्पेलिंगं गोठली.

पोस्टमधलं 'पाटील' काढलंय, 'कारभारी' केलंय. तुमच्या ऑफिसात दोन मायर आहेत म्हणालात ना, त्यांची स्पेलिंगं काय आहेत तेवढं कळवा.