कागदावरचा मणका

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर बाळू एमआरआयची मोठी पिशवी घेऊन आला आणि अण्णांनी तोंडाला लावलेला ग्लास खाली ठेवला.

"कमरेतला चौथा-पाचवा मणका, एल चार-एल पाच न्हवं? संपलं मग. मणक्यांमधली गादी सरकली."

"सरकायला ती काय खाटेवरची गादी हाय अण्णा?" दवाखाना बंद करून घरी निघालेली फिजिओ ताई गाडी लावता लावता म्हणाली. "दोन्ही मणक्यांना घट्ट चिकटलेली असती ती. फुगती, कधी फाटती. सरकत न्हाई."

"रिपोर्टात बल्ज, म्हंजे गादी फुगलीय, असं लिवलंय," बाळूचा आवाज बारीक झाला होता.

"लिवणारच. काहीच दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय बघितलेत लोकांनी. विशीतल्या 30 टक्क्यांत बल्ज सापडला, ऐंशीतल्या 84 टक्क्यांत. केस पिकतात तशी गादी पिकती. कागद ठेव बाजूला. दुखणं गुडघ्याच्या खाली उतरतंय?"

"न्हाई. कंबर, फार तर कुल्ल्यापर्यंत."

"टाचांवर चालून दाखव. आता चवड्यांवर."

बाळू भर रस्त्यात चालला. म्हसवाल्यानं धार थांबवून बघितलं. दोन्ही नीट जमलं.

"मग शीर दबल्याचं लक्षण मला तरी दिसत न्हाई. गुजरीत सोनारकामाला नऊ तास मांडी घालून वाकून झाळ देतोस, ते दिसतंय. पाट उंच कर, काम छातीपाशी आलं पाहिजे. अर्ध्या तासानं ऊठ, कमरेवर हात ठेव आणि मागं वाक, दहा वेळा. घरी उताणं झोपून गुडघे दुमडायचे, कंबर उचलायची, पाच सेकंद धरायची. दहाचे दोन फेरे. मागं वाकताना दुखणं कंबरेकडं गोळा होत आलं तर बरोबर चाललंय. पायात उतरायला लागलं तर थांबायचं आणि मला दाखवायचं."

अण्णांना हे फुकटचं औषध पटेना. "आमच्या वेळी पंधरा दिवस फळीवर झोपवायचे."

"म्हणून पंधरा दिवसांनी उठताना दोघं धरायला लागायची. कळ फारच असली तर एखाद-दुसरा दिवस पडून ऱ्हावा, फुडं हिंडायचंच. आणि तुमचा तो कमरेचा पट्टा? दोन वर्षं झाली त्याला."

"पट्ट्यावर तर मी उभा हाय," अण्णांनी शर्टावरनं पोट थोपटलं.

आतापर्यंत गप्प बसलेले वस्ताद खाकरले. "एवढं कशाला? तालमीत आण त्याला. पालथा घालतो, कमरेवर पाय देतो, कडकन मोकळी."

"वस्ताद, तुमच्या मालिशीला मी कधी नावं ठेवली न्हाईत. तेल लावून अंग रगडा, पैलवानाला बरंच वाटतं. पण मणक्यावर उभारू नका. हाडं ठिसूळ झालेली म्हातारी असली, न्हाईतर मणक्याला टीबी असला, तर तुमच्या एका पायात मणका चेपंल. आणि तो कडकन आवाज सांध्यातल्या हवेच्या बुडबुड्याचा असतोय. हाड जाग्यावर बसल्याचा न्हवं."

"आणि आमच्या गोलकीपरचा घोटा?" बाळूला एकदम जोर आला. "मुरगळला त्याच रात्री ह्यांनी रगडला. सकाळी हा भोपळा. म्हणून फायनल गेली."

"फायनल रेफ्रीनं घालवली!" वस्ताद उसळले.

मग ऑफसाइड होता का नव्हता यावर दहा मिनिटं गेली. शेजारच्या पेठेचा उद्धार झाला. ताईनंच गाडी परत रुळावर आणली. "मुरगळल्यावर चार पावलंसुद्धा टाकता येईनात, किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखलं, तर आधी एक्सरे. न्हाईतर इलॅस्टिक पट्टी, पाय उशीवर उंच, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं. पहिले दोन-तीन दिवस रगडायचं न्हाई आणि शेकायचं पण न्हाई."

अण्णांनी शेवटचं अस्त्र काढलं. त्यांच्या मेव्हण्याला एका गावात पुडी मिळते. तीन दिवसांत गुडघे पळायला लागले म्हणे.

ताईचा आवाज बदलला. "तीन दिवसांत सगळे सांधे मोकळे झाले तर पुडीत स्टेरॉइड असल्याचा पहिला संशय घ्यायचा. तोंड सुजतं, साखर वाढती, हाडं ठिसूळ होत्यात, खुब्याच्या गोळ्याचं रक्त तुटून तो खचतो. आणि महिनोन्‌महिने घेत असतील तर एकदम बंद पण करू देऊ नका, त्यानं जिवावर बेततं. पुडी घेऊन डॉक्टरकडं पाठवा, ते हळूहळू कमी करतील. गुडघ्यासाठी मांडीचा स्नायू बळकट करा आणि वजन उतरवा. एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा चार किलोंचा भार जातो."

अण्णा पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.

"बाळू, एक मात्र डोक्यात ठेव," ती म्हणाली. "लघवी अडली, बसायची जागा बधिर पडली, पाऊल लटकायला लागलं, तर माझ्याकडं येऊ नको. त्याच रात्री मोठा दवाखाना. ताप, उतरणारं वजन, झोपेतनं उठवणारी कळ, हे असलं तरी थांबायचं न्हाई."

वस्ताद टॉवेल डाव्या हातानं ओढत होते, तो उजव्या खांद्यावरनं. ताईची नजर तिथं गेली.

"उजवा हात मागं नेऊन लंगोटाची गाठ मारता येती का?"

"…पोरं मारत्यात."

"कोपर बरगडीला चिकटवा. आता पंजा बाहेर फिरवा." पंजा जागचा हलेना. तिनं स्वतः फिरवून बघितला, तरी अडला. "स्नायूची दोरी तुटली असती तर तुमच्यानं फिरला नसता, पण माझ्यानं फिरला असता. हा खांदा आखडलाय. साखर कधी तपासली?"

"पैलवानाला कसली साखर!"

"उद्या उपाशीपोटी तपासा. मधुमेहात हा खांदा फार आखडतो. दीड-दोन वर्षं सुद्धा घेतोय मोकळा व्हायला. सुरवातीला कळ असताना सांध्यात इंजेक्शन दिलं तर उतार पडतो, पण त्यानं चार दिवस साखर चढती, म्हणून ती आधी कळाय पायजे. सोसंल तेवढाच ताण द्यायचा. हिसकाहिसकी केली तर आणखी आखडंल."

अण्णा उठले, चप्पल काढली आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं पुढं झाले. "वस्ताद, पालथं झोपा. पाय देऊन मोकळा करतो."

म्हसवाल्याच्या हातातली चरवी हिंदकळली. सगळ्यांत मोठ्यानं वस्ताद हसले, आणि अण्णा तर इतके की पट्ट्याचं वेल्क्रो चर्रकन सुटून पट्टा पायात पडला. तो उचलायला ते खाली वाकले, सहज.