जमैकाचं कॅललू आणि त्रिनिदादचं कॅललू एक नाहीये

एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. कॅरिबियन बेटांवर खाण्याच्या वस्तूंची नावं सगळीकडे एकच, फरक काय तो उच्चाराचा, आणि तिथल्या भारतीयांनी तर आपली नावं जशीच्या तशी जपलीत. स्वयंपाकाच्या ग्रुप्सवर लोक यावरून रेसिपी करायला निघालेत म्हणून लिहितेय, यातलं एकही खरं नाहीये.

"नावं एकच" म्हणे. कॅललू घ्या ना. जमैकात कॅललू म्हणजे माठाच्या जातीची पालेभाजी, कांदा टोमॅटोवर परततात. त्रिनिदादमधे मात्र अळूची पानं, भेंडी, नारळाचं दूध एकत्र शिजवून घोटलं की ते कॅललू, आपल्या अळूच्या फतफत्याच्या जवळचं, आणि जमैकातला तो माठ त्रिनिदादमधे चोराई भाजी होतो. उलटंही आहे, आपल्या अंबाड्याच्या जातीचं एक फळ जमैकात जून प्लम, बार्बाडोस-गयानात गोल्डन ॲपल, त्रिनिदादमधे पॉमसिथे.

"फक्त उच्चार" याचा तर मला रागच येतो, कारण ॲकी. जमैकाचं ॲकी हे फळ झाडावर आपोआप उकलल्याशिवाय खायचं नसतं, कच्च्यात विष असतं आणि त्याने माणसं दगावलीत. बार्बाडोसला ॲकी म्हणतात ते भलतंच, छोटं हिरवं फळ, दातांनी साल फोडून गर चोखायचा, तेच जमैकात गिनेप, त्रिनिदादमधे शेनेट, पोर्तो रिकोत केनेपा. दोन्ही रिठ्याच्या कुळातली, पण एकाच्या भरवशावर दुसरं खाऊ नका प्लीज.

आणि ही नावं उच्चार घसरून झालेली नाहीत हो. त्रिनिदाद स्पेनकडे होतं, १७८३ मधे स्पेनने बाहेरच्या कॅथलिक मळेवाल्यांना जमिनी देऊ केल्या, आसपासच्या बेटांवरून फ्रेंच मळेवाले गुलामांसकट आले, १७९७ ला इंग्रजांनी बेट घेतलं तरी लोकांच्या तोंडी फ्रेंच क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली मिश्र बोली, राहिली ती राहिलीच. म्हणून तिथे ॲव्होकाडो म्हणजे झबोका. जमैका १६५५ पासून इंग्रजांचं, तिथे ॲव्होकाडोला नुसतं पेअर म्हणतात.

राहिली "आपली नावं". आपली म्हणजे मराठी नव्हे, बरीचशी भोजपुरी. गयानात भारतीय मजुरांची पहिली जहाजं १८३८ ला, त्रिनिदादला १८४५ ला, मजूर बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशच्या पट्ट्यातले. इतकं सारखं असून चवळीच्या लांब शेंगा त्रिनिदादला बोडी आणि गयानात बोरा. पराठा त्रिनिदादमधे बस-अप-शट, म्हणजे फाटका शर्ट, कारण तव्यावरच त्याला झोडपून मोकळा करतात. हे नाव भारतातून गेलेलं नाही, तिथेच तयार झालंय, आणि ते तितकंच त्यांचं आहे.

पोस्टमधे जमैकन राइस अँड पीजच्या खाली हिरव्या वाटाण्याचा फोटो लावलाय. तिथे पीज म्हणजे बहुतेकदा राजमा, नाताळच्या सुमारास तूर, जिला ते गुंगो म्हणतात. बहामात पीज अँड राइसमधे तूरच असते. निदान तो फोटो तरी बदला.