'असल्या लोकांनी' सेफ्टी शिकवायची का? एका कमेंटला जरा लांब उत्तर

कॅनडातल्या ऑन्टॅरियो प्रांतातल्या जेएचएससी सर्टिफिकेशनवर, म्हणजे कामगार आणि मॅनेजमेंट यांच्या जॉइंट हेल्थ अँड सेफ्टी कमिटीतल्या दोन्ही बाजूंच्या किमान एकेका मेंबरला जे ट्रेनिंग घ्यावं लागतं त्यावर, मी लेख टाकला होता. त्याखाली 'जुना सुपरवायझर' नावाने एक कमेंट आली आहे. सगळ्यांनी वर जाऊन शोधायला नको म्हणून इथेच देतो: "पाच दिवस एसीत बसायचं, पगार चालू, शेवटी कागद घेऊन यायचं, आणि मग असल्या लोकांनी वीस वर्षं मशीनवर काढलेल्यांना सेफ्टी शिकवायची. कमिटीला तसाही अधिकार काही नाही, नुसत्या शिफारशी. ऑनलाइन तासाभराचं मॉड्यूल पुरे. आणि आमच्याकडे कामगारांचा मेंबर मॅनेजरच ठरवतो, त्यावर लिहा की."

साहेब, मुद्दा मांडायला काहीच हरकत नाही, त्यासाठीच कमेंट उघड्या ठेवल्यात. पण 'असल्या लोकांनी' म्हणजे नक्की कसल्या? मी स्वतः कमिटीवर आहे, हे लेखात पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय, म्हणजे हे मलाच उद्देशून आहे असं मी धरतो. आणि धरलं की मग राग येतोच, तो लपवत नाही.

एक मान्य करतो. ट्रेनिंगच्या पहिल्या भागाचे, म्हणजे पार्ट वनचे, तीन दिवस काही ठिकाणी फार कंटाळवाणे होतात. शिकवणारा स्लाइडवरची कलमं वाचत बसला की दुपारनंतर अर्धा वर्ग पेंगतो. यात तुमचं बरोबर आहे. पण पगार चालू असतो हे तुम्ही असं लिहिलंय जणू आम्ही कंपनीच्या खिशातून काढून घेतो. अहो, कायद्यानेच तो वेळ कामाचा धरलाय. मेंबर ट्रेनिंगला बसला म्हणजे तो कामावरच आहे. मग पगार चालू नसणार तर काय बंद असणार?

आणि पाच दिवस म्हणजे काय ते तरी बघा. पार्ट वन तीन दिवसांचा, त्यात कायदा, कमिटीचं काम, इन्स्पेक्शन, अपघाताची चौकशी हे सगळं येतं. पार्ट टू दोन दिवसांचा, तो तुमच्या कामाच्या जागेतल्या धोक्यांवर असतो. म्हणजे गोडाउनवाल्याला फोर्कलिफ्ट आणि रॅक, फॅक्टरीवाल्याला मशीनचे गार्ड (हलत्या भागांवरची संरक्षक झाकणं) आणि लॉकआउट (दुरुस्तीच्या वेळी मशीन चालू होऊ नये म्हणून कुलूप लावणं). नंतर दर तीन वर्षांनी एक दिवस रिफ्रेशर. ही काय पिकनिक आहे का?

आता तो वीस वर्षांचा अनुभव. हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की पुढचा शब्द काय येणार ते मला पाठ झालंय. मीही मशीनवर काम केलंय बरं का, रात्रपाळीत, पॅकेजिंग लाइनवर, आणि तुमच्यासारखेच अनुभवी लोक तिथे होते, चांगले लोक होते, मला काम त्यांनीच शिकवलं. तेच लोक कन्व्हेयर जाम झाला की गार्ड काढून ठेवायचे आणि मग तो शिफ्टभर तसाच बाजूला पडलेला असायचा, कारण परत लावला की परत काढावा लागतो. कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. मला वाटायचं, पण मी नुसता कमिटीचा मेंबर होतो, सर्टिफाइड नव्हतो, आणि सुपरवायझरला सांगितलं की तो म्हणायचा, "आजवर काही झालंय का?" यावर काय बोलायचं मला सुचायचं नाही. मी गप्प बसायचो.

ट्रेनिंगनंतर त्याच मशीनसमोर उभा राहिलो तेव्हा मला एवढं कळत होतं की बेल्ट आणि रोलर जिथे एकमेकांत शिरतात त्या जागेला गार्ड हवाच असं रेग्युलेशन ८५१ मध्ये, म्हणजे कारखान्यांसारख्या कामाच्या जागांसाठीच्या नियमांत, लिहिलेलं आहे, आणि आजवर काही झालंय की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही. कमिटीतर्फे लेखी शिफारस गेली. लेखी शिफारशीला कंपनीला २१ दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं, करणार असाल तर कधीपर्यंत ते सांगायचं, नाही करणार तर का ते सांगायचं. 'का नाही' हे कागदावर लिहून सही करायला कुणी तयार होईना. मग गार्ड बसला, बिजागरीवाला, जाम काढायला उघडता येतो आणि उघडला की लाइन थांबते असा. त्या अनुभवी लोकांनाच तो सगळ्यात जास्त आवडला, हे मुद्दाम सांगतो.

तर 'नुसत्या शिफारशी' या शब्दांवर मी इतका वेळ का घालवतोय ते कळलं असेल. आणि तुमचं ते वाक्य अर्धवट आहे. ऑन्टॅरियोच्या ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी कायद्यात कलम ४५ आहे, ते वाचलंय का? सर्टिफाइड मेंबरला कामाच्या जागी घातक परिस्थिती दिसली तर तो सुपरवायझरला तपास करायला सांगू शकतो, आणि सुपरवायझरला तो लगेच, त्याच्यासमोर करावा लागतो. समाधान झालं नाही तर दुसऱ्या बाजूच्या सर्टिफाइड मेंबरला बोलावता येतं, म्हणजे एक कामगारांचा आणि एक मॅनेजमेंटचा. दोघांचंही म्हणणं एक आलं तर ते काम थांबवायला सांगू शकतात. शिफारस नाही हो, थांबवायला सांगणं! दोघांचं जमलं नाही तर लेबर मिनिस्ट्रीचा इन्स्पेक्टर बोलावता येतो. पण हा अधिकार फक्त सर्टिफाइड मेंबरांना आहे, साध्या मेंबरला नाही. म्हणजे ज्या कागदाची तुम्ही टिंगल केलीत तो कागद नसेल तर हे कलम वापरताच येत नाही.

आणि 'घातक' कशाला म्हणायचं हेही मनाला येईल तसं नाही. तीन गोष्टी लागतात: कायद्याचा किंवा रेग्युलेशनचा भंग होतोय, त्या भंगामुळे कामगाराला धोका आहे, आणि धोका आवरायला उशीर केला तर कामगार गंभीर धोक्यात येऊ शकतो. तिन्ही एकदम. पहिल्या दोन असतील आणि तिसरी नसेल तर लाइन थांबवायची नाही, शिफारस लिहायची. हा फरक नुसत्या अनुभवाने कळत नाही, मला तरी कळला नव्हता, वर्गात उदाहरणं घेऊन भांडल्यावर कळला. ज्याला फरक कळत नाही तो एकतर कधीच बोलत नाही नाहीतर कशावरही लाइन बंद करा म्हणतो, आणि दुसऱ्या प्रकारच्या माणसाचा वैताग तुमच्यासारख्या सुपरवायझरलाच सगळ्यात आधी होणार.

ते तासाभराचं मॉड्यूल वेगळंच आहे. ते सगळ्या कामगारांसाठीचं बेसिक अवेअरनेस, १ जुलै २०१४ पासून सक्तीचं झालं. त्यामागे २००९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी टोरांटोत बिल्डिंगबाहेरचा लोंबता मचाण तुटून चार कामगार गेले तो अपघात आहे. त्यानंतर समिती बसली, २०११ मध्ये कायदा बदलला. त्या मॉड्यूलमध्ये तुमचे हक्क काय ते सांगतात. कमिटी कशी चालवायची, इन्स्पेक्शन कसं करायचं, हे त्यात नाही, आणि असायचं कारणही नाही. जिन्यावर धरून चाल सांगणं आणि जिना बांधणं यांत जेवढा फरक आहे तेवढा इथे आहे. दोन्ही एकच समजून तुम्ही लेखाखाली मतं मांडताय, तेही एवढ्या ठासून, याचं नवल वाटलं.

राहिलं मॅनेजर मेंबर ठरवतो ते. कायदा सरळ आहे, कामगारांचा मेंबर कामगारांनी निवडायचा, युनियन असेल तर युनियनने. तुमच्याकडे तसं होत नसेल तर ते तुमच्याकडचं झालं, त्यात सर्टिफिकेशनचा काय दोष? आणि माफ करा, पण सुपरवायझर तुम्हीच आहात ना? मग हे मला का विचारताय?

कमेंटला मी लाइक दिलेलं नाही, डिलीटही केलेली नाही. पुढची टाकाल तेव्हा 'असल्या लोकांनी' वगैरे न लिहिता टाका, आणि त्याआधी तुमच्या कंपनीच्या बोर्डवर एकदा नजर टाका. कमिटी मेंबरांची नावं आणि ते कुठे काम करतात हे तिथे लावणं बंधनकारक आहे. कामगारांच्या बाजूने सर्टिफिकेशनला पाठवलेला मेंबर कोण आहे, आणि त्याचा पार्ट टू झालाय की पार्ट वनवरच अडकलाय, तेवढं त्याला विचारून इथे लिहा.